मुलांच्या दातांवरचे डाग ब्रशने का जात नाहीत? उत्तर पाच-सात वर्षांपूर्वीच्या पाण्यात असू शकतं

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली. असं करणारं ते तिथलं पहिलं राज्य. त्यानंतर काही आठवड्यांतच फ्लोरिडानेही तोच निर्णय घेतला. सोशल मीडियावरून हा वाद भारतातही पोहोचला आणि 'फ्लोराइड चांगलं की विष?', 'टूथपेस्ट बदलायची का?' असे प्रश्न आई-वडिलांना पडू लागले.

पण भारतातला फ्लोराइडचा प्रश्न अमेरिकेच्या बरोबर उलटा आहे. आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड कुणी मिसळत नाही. ते जमिनीतूनच येतं आणि अनेक ठिकाणी नको तितकं येतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातून तपासलेल्या १५,२५९ नमुन्यांपैकी ९.०४ टक्के नमुन्यांत फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघालं. सरकारी माहितीनुसार २७ राज्यांमधल्या ४६९ जिल्ह्यांच्या काही भागांत ही समस्या आहे. त्यात विदर्भ आणि मराठवाड्यातली गावंही आहेत.

या जास्तीच्या फ्लोराइडची पहिली खूण दिसते ती लहान मुलांच्या दातांवर. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे-तपकिरी डाग. घरचे म्हणतात, 'नीट घासत नाही.' शाळेत मुलं चिडवतात. प्रत्यक्षात त्या डागाचा घासण्याशी संबंध नसतो. तो दात हिरडीतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो.

इनॅमल एकदाच तयार होतं, म्हणजे नेमकं काय?

दातावरचं पांढरं, चकचकीत, कठीण आवरण म्हणजे इनॅमल. वजनाच्या हिशोबाने त्याचा साधारण ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. हाड मोडलं तर जुळतं, त्वचा कापली तर भरून येते, इनॅमलचं मात्र तसं होत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी आपलं काम झालं की नष्ट होतात. त्यामुळे घडताना जी उणीव राहिली, ती कायमची राहते.

आता वेळापत्रक पाहू. सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेचं इनॅमल बाळाच्या जन्माच्या सुमारासच घडायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दाढेचा वरचा भाग पूर्ण होतो. पुढच्या पक्क्या दातांचं काम बाळ तीन-चार महिन्यांचं असताना सुरू होतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतं. अक्कलदाढ सोडली तर सगळ्या पक्क्या दातांचं इनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार झालेलं असतं.

म्हणजे बाळाच्या तोंडात दुधाचे दातही पुरते आलेले नसतात, तेव्हा हिरडीच्या आत पक्के दात घडत असतात. त्या काळात मोठा आजार झाला, काही औषधं दिली गेली किंवा पाण्यातून नको ते पोटात गेलं, तर त्याची नोंद इनॅमलवर राहते. ती आपल्याला दिसते सहा-सात वर्षांनी.

फ्लोराइड नेमकं काय बिघडवतं?

इनॅमल दोन टप्प्यांत तयार होतं. आधी पेशी प्रथिनांचा एक साचा घालतात आणि त्यात खनिजाचे बारीक कण बसू लागतात. मग साच्यातली प्रथिनं काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी खनिज भरत जातं. दुसऱ्या टप्प्यात शरीरात फ्लोराइड जास्त असेल, तर प्रथिनं निघून जाण्याचं काम रखडतं. जिथे खनिज भरायला हवं होतं तिथे सूक्ष्म पोकळ्या राहतात. असं इनॅमल वरून गुळगुळीत दिसलं तरी पृष्ठभागाखाली सच्छिद्र असतं.

सच्छिद्र इनॅमलमधून प्रकाश वेगळ्या रीतीने परततो, म्हणून दात खडूसारखा पांढरा दिसतो. तपकिरी रंग नंतर चढतो. दात बाहेर आल्यावर चहा, हळद, मसाले यांचे रंग त्या छिद्रांत मुरतात. जास्त बाधित दातांचे तर कपचे उडतात. या विकाराला 'दंत फ्लोरोसिस' म्हणतात.

पुढच्या वरच्या दोन दातांसाठी सगळ्यात नाजूक काळ म्हणजे साधारण सव्वा ते अडीच वर्षांचं वय. नेमकं याच वयात मूल अंगावरच्या दुधाकडून पाणी, पेज, वरण-भाताकडे वळलेलं असतं. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, आई जास्त फ्लोराइडचं पाणी पीत असली तरीही. वरचं अन्न सुरू झालं की हे संरक्षण कमी होतं. पावडरचं दूध, भाताची पेज, वरणाचं पाणी हे सगळं घरातल्याच पाण्यात तयार होतं.

साधा हिशोब करून बघा. पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असं धरू. साठ किलोचा माणूस दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला, तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जातं. दहा किलोच्या मुलाच्या पोटात पिण्यातून आणि जेवणातून एक लिटर पाणी गेलं, तर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. एकाच घरात, एकाच हंड्यातून मुलाला दुप्पट मात्रा मिळते, तीही दात घडत असण्याच्या काळात.

हे कळलं कसं?

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्स गावात आला. तिथल्या लोकांचे दात तपकिरी होते. काही म्हणत डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने, काही म्हणत दूध निकृष्ट असल्याने. पुढे मॅके आणि त्या काळचे नामवंत दंततज्ज्ञ ग्रीन ब्लॅक यांनी पाहणी केली, तेव्हा तिथेच जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आढळले. मोठेपणी तिथे राहायला आलेल्यांचे पक्के दात मात्र स्वच्छ होते.

१९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावात गेले. गावाने दूरच्या एका गरम झऱ्यावरून पाइपलाइन आणली आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग यायला लागले, असं तिथल्या आयांनी सांगितलं. मॅके यांच्या सल्ल्याने गावाने ती पाइपलाइन सोडून दुसरा झरा धरला. काही वर्षांत धाकट्या मुलांचे पक्के दात स्वच्छ यायला लागले. मोठ्या भावंडांचे डाग मात्र तसेच राहिले. या डागांमागे फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये हॅरी चर्चिल या रसायनतज्ज्ञाने केलेल्या पाण्याच्या तपासणीत उघड झालं.

वयाचं महत्त्व दाखवणारं आणखी एक उदाहरण इटलीतलं आहे. १० जुलै १९७६ रोजी सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून डायऑक्सिन हे घातक रसायन हवेत पसरलं. सुमारे पंचवीस वर्षांनी संशोधकांनी त्या परिसरातल्या लोकांचे दात तपासले. इनॅमलमध्ये दोष असलेले २७ जण सापडले. त्यापैकी २५ जण अपघाताच्या वेळी पाच वर्षांपेक्षा लहान होते. इथे फ्लोराइडचा संबंध नव्हता, रसायन वेगळं होतं. पण इजा झाली ती दात घडत असलेल्या वयातल्या मुलांनाच.

महाराष्ट्रात फ्लोराइड येतं कुठून?

फ्लोराइड असलेली खनिजं ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत आढळतात. पाणी खडकात जितका जास्त काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात विरघळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडवर मर्यादा येते. कॅल्शियम कमी आणि पाणी अल्कधर्मी असेल तर ते वाढतं.

म्हणून खोलीला महत्त्व आहे. उथळ विहिरीचं पाणी पावसाने दरवर्षी बदलतं. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं साठलेलं असतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड अशा जिल्ह्यांत जास्त फ्लोराइडचे स्रोत आढळले आहेत. विहिरी आटल्या, बोअर खोल गेल्या, हातपंप आले. गढूळ आणि जंतू असलेल्या पाण्यापासून त्यामुळे मोठी सुटका झाली. पण फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नसते. काचेसारखं स्वच्छ पाणीही दात बिघडवू शकतं.

भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे, पण स्थानिक हवामान आणि लोक किती पाणी पितात हे पाहून देशांनी आपला निकष ठरवावा, असं ती सांगते. ४५ अंशांच्या उन्हात विदर्भातलं मूल युरोपातल्या मुलापेक्षा जास्त पाणी पिणार हे उघड आहे.

फ्लोराइड दातांपुरतं थांबत नाही. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हाडं आणि सांधे कडक होतात, पाठ वाकते. भारतात या हाडांच्या विकाराची नोंद १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली होती. डागाळलेले दात म्हणजे त्या गावासाठी आधी मिळालेला इशारा असतो.

प्रत्येक डाग फ्लोराइडचाच असतो का?

नाही. शहरात, चांगलं पाणी मिळणाऱ्या घरांतही मुलांच्या दाढा पिवळ्या, ठिसूळ निघतात. याचं एक मोठं कारण म्हणजे 'मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन', थोडक्यात एमआयएच. २००१ मध्ये या विकाराला हे नाव मिळालं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज सांगतो की साधारण १३ ते १४ टक्के मुलांमध्ये तो आढळतो. यात पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे दात बाधित होतात. गार पाणी लागलं की कळ येते, म्हणून मूल दाढ घासायचं टाळतं आणि मग कीडही लवकर लागते.

एमआयएचचं एकच कारण सापडलेलं नाही. पहिल्या तीन वर्षांतले तापाचे आजार, जन्माच्या वेळची गुंतागुंत आणि आनुवंशिकता यांचा वाटा असल्याचं मानलं जातं. प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल ए या रसायनावरही संशय आहे. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांना हे रसायन कमी मात्रेत दिलं, तेव्हा त्यांच्या दातांत एमआयएचसारखे दोष दिसले. माणसांच्या बाबतीत मात्र हा संबंध सिद्ध झालेला नाही. त्यामुळे 'प्लास्टिकच्या बाटलीने दात खराब झाले' असं ठामपणे सांगणाऱ्या पोस्टवर लगेच विश्वास ठेवू नये.

औषधांमध्ये टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिकमुळे घडत असलेले दात पिवळे-राखाडी होतात, म्हणून ती आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. कुपोषण आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही इनॅमल पातळ राहतं.

डागाचं नेमकं निदान दंतवैद्यच करू शकतात, पण काही ढोबळ खुणा अशा:

• डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच, आडवे, कडा अस्पष्ट असलेले पट्टे असतील आणि गावातल्या इतर मुलांनाही ते असतील, तर फ्लोरोसिसची शक्यता जास्त.

• दाढा आणि पुढच्या दातांवर ठळक कडा असलेले पिवळट किंवा तपकिरी ठिपके, एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असतील, तर एमआयएच असू शकतं.

• एकाच दातावर डाग असेल, तर तिथल्या दुधाच्या दाताला लहानपणी मार लागला होता किंवा संसर्ग झाला होता का ते आठवून बघावं.

मग फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करायची का?

पोटात जाणारं फ्लोराइड आणि दाताला वरून लागणारं फ्लोराइड यांचा परिणाम वेगळा असतो. दात बाहेर आल्यावर पेस्टमधलं फ्लोराइड इनॅमलच्या पृष्ठभागावर काम करतं आणि कीड रोखतं. फ्लोरोसिस होतो तो दात घडत असताना गिळलेल्या फ्लोराइडमुळे. म्हणून लहान मुलांसाठी पेस्ट किती घ्यायची हे महत्त्वाचं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि घासल्यावर थुंकायला शिकवायचं. जिथे पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त आहे तिथे पेस्ट कोणती वापरायची हे दंतवैद्यांना विचारावं.

अमेरिकेत पाण्यात फ्लोराइड मिसळायची शिफारस लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची आहे. भारतातल्या बाधित गावांमध्ये प्रमाण याच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहून जास्त असू शकतं. त्यामुळे तिथला वाद जसाच्या तसा इथे लावला तर दोन्हीकडून चूक होते. शहरातले लोक गरज नसताना पेस्ट टाकून देतात आणि गावातल्या बोअरकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सरकारी योजना आहेत, मग अडतं कुठे?

फ्लोरोसिस प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दूषित स्रोत असलेल्या गावांना प्राधान्य आहे. नळयोजना होईपर्यंत अशा गावांत माणशी दिवसाला ८ ते १० लिटर शुद्ध पाणी, पिण्या-स्वयंपाकापुरतं, सामुदायिक शुद्धीकरण संचातून देण्याची तरतूद आहे. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचंय. मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे.

तंत्रज्ञानही नवं नाही. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकातच विकसित केली. पण तुरटी-चुन्याचं माप रोज सांभाळावं लागतं, तळाचा गाळ टाकावा लागतो. आरओ संच असेल तर वीज, सुटे भाग आणि दुरुस्तीला माणूस लागतो. संच बंद पडला की लोक पुन्हा हातपंपावर जातात. नळ आला तरी त्याला पाणी त्याच खोल बोअरमधून येत असेल, तर फ्लोराइडही नळातून येतं.

मोठी अडचण मोजमापाची आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात दातांची पाहणी होते ती प्रामुख्याने सहा ते अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांची. त्या दातांवर दिसतं ते पाच ते दहा वर्षांपूर्वीचं पाणी. गावाला आज शुद्ध पाणी मिळालं तरी शाळेतली आकडेवारी पुढची काही वर्षं वाईटच दिसणार, आणि 'योजनेचा उपयोग झाला नाही' असं कुणी म्हणू शकेल. उलट, आज शाळेतल्या मुलांचे दात चांगले दिसत असले आणि गेल्या दोन वर्षांत गाव नव्या खोल बोअरवर गेलं असेल, तर धोक्याची खूण अजून उमटलेलीच नाही.

म्हणून दातांची वाट न पाहता पाणी तपासायला हवं, आणि तेही दोन-तीन वर्षांची मुलं जिथे पाणी पितात तिथे. ते ठिकाण शाळा नसून अंगणवाडी आणि घर आहे. शुद्ध पाणी कमी असेल, तर ते आधी कुणाला द्यायचं याचं उत्तरही दातांचं वेळापत्रक देतं: पाच वर्षांखालची मुलं. एका लहान मुलाला पिण्या-जेवणासाठी दिवसाला लागणारं पाणी एक-दीड लिटर असतं. अख्ख्या गावाची योजना रखडली तरी एवढं पाणी अंगणवाडीतून पोहोचवणं अशक्य नाही.

घरात काय करता येईल?

• पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते थोडं वाढतं. कँडलचा साधा फिल्टर आणि यूव्ही यंत्रही फ्लोराइड काढत नाहीत. आरओ आणि ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना असलेले फिल्टर काढतात, पण ते वेळेवर बदलावे लागतात.

• घराची किंवा गावाची बोअर असेल तर पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा बघावा. ग्रामपंचायतीकडेही तो मागता येतो.

• पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. नंतर पेज, खीर, वरण आणि पावडरचं दूध यांसाठी कमी फ्लोराइडचं पाणी वापरावं. स्वच्छ साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतं, मात्र ते उकळून घ्यावं.

• लहान मुलांना चहा-बिस्कीट, चहा-पोळी देणं टाळावं. चहाच्या पानांतही फ्लोराइड साठतं. दूध, दही, पालेभाज्या, नाचणी यांतलं कॅल्शियम पोटात फ्लोराइडला काही प्रमाणात बांधून ठेवतं.

• डाग घालवायला राखुंडी, विटेची पूड, मीठ किंवा मशेरी घासू नये. आधीच कमकुवत असलेलं इनॅमल त्याने झिजतं. दंतवैद्याकडे वरचा थर हलका घासून काढणं, रेझिन भरणं किंवा दातांवर पातळ आवरण बसवणं असे उपाय आहेत. त्यांनी डाग झाकता येतात, पण इनॅमल नव्याने तयार होत नाही.

बाधित गावांतले अनेक तरुण फोटोत ओठ मिटून हसतात आणि लग्न जुळवतानाही दातांकडे बोट दाखवलं जातं. त्यांच्या इनॅमलचं आता फारसं काही करता येणार नाही. पण त्याच गावात आज दोन वर्षांचं असलेलं मूल ज्या पेल्यातून पाणी पितंय, त्याचा परिणाम दिसायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. त्या पेल्यातलं पाणी आजही बदलता येतं.